आपल्या मापाची दिवाळी

(द्वितीय वर्ष कला)

दिवाळी जवळ आली की कॉलेजच्या आवारात, एस. टी. स्टँडवर, गल्लीतल्या नळावर एकच प्रश्न ऐकू येतो, "दिवाळीला काय घेतलंस?" या प्रश्नाचा अर्थ "कपडे कोणते घेतलेस?" असा आहे, हे कोणाला सांगावे लागत नाही. आमच्या आजीच्या पिढीत हाच प्रश्न थोडा वेगळा होता. त्या वेळी विचारीत, "दिवाळीला काय शिवलं?" पोराला सदरा शिवला, पोरीला परकर-पोलके शिवले, असे उत्तर येई. दोन्ही प्रश्नांत फरक आहे तो एका क्रियापदाचा. 'शिवणे' गेले आणि त्याच्या जागी 'घेणे' आले, तेव्हा नेमके काय गेले आणि काय आले, याचा विचार आपण शिकणाऱ्या मुलामुलींनी करायला हवा. माझे मत आधीच सांगून टाकते. सणाचा निदान एक कपडा आपला आपल्याला शिवता यावा. पैसे वाचतात म्हणून मी हे म्हणत नाही आणि जुने ते सोने म्हणूनही म्हणत नाही.

जुने सगळेच काही सोने नव्हते. दिवाळीच्या आधी महिनाभर ठाणातून कापड फाडून आणीत. सगळ्या भावंडांचे सदरे, झगे आणि उरलेल्या तुकड्यांचे उशांचे अभ्रे एकाच फुलांचे असत. पोरे ओळीने उभी राहिली की बँडपथक वाटे. माप घ्यायचे ते 'वाढत्या अंगाचे'. पहिल्या वर्षी बाह्या बोटांवर येत, दुसऱ्या वर्षी कपडा अंगाबरोबर होई आणि तिसऱ्या वर्षी तो धाकट्याच्या अंगावर जाई. शिंप्याकडे 'उद्या या' ऐकत हेलपाटे घालावे लागत आणि कित्येकदा अभ्यंगस्नानाच्या आदल्या रात्रीही काजे-बटणे व्हायची राहिलेली असत. तयार कपड्यांनी ही सारी कटकट संपवली. दुकानात जावे, अंगाला लावून पाहावे, पसंत पडले तर घ्यावे. आता तर तेवढेही नको. मोबाईलवर बोट ठेवले की कपडा दारात येतो आणि आवडला नाही तर परत जातो. गरिबाच्या मुलीलाही चारांतून एक निवडण्याचा आनंद तयार कपड्यांनी दिला, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

मग तक्रार कशाची, असे कोणी विचारील. त्यासाठी आमच्याच घराचे उदाहरण घेते. आमचे घर इचलकरंजी भागातले. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे हे गाव 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणून ओळखले जाऊ लागले. माझे वडील यंत्रमागावर कामगार आहेत. मीटरवर मजुरी आणि दिवाळीला बोनस. आई घरी शिवणकाम करते. ब्लाऊज, ड्रेस, फॉल-पिको, जून महिन्यात शाळेचे गणवेश. म्हणजे वडील कापड विणतात, आई कपडे शिवते आणि दिवाळीला आम्ही भावंडे बोनसच्या पैशांतून बाजारातले तयार कपडे आणतो. कारण दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे आईला मान वर करायला फुरसत नसते. साऱ्या गल्लीतले ब्लाऊज वसुबारसेपर्यंत द्यायचे असतात. तिच्या स्वतःच्या साडीला फॉल लागतो तो भाऊबीज झाल्यावर. अर्थशास्त्राच्या तासाला श्रमविभागणीचे फायदे ऐकताना मला ती बिनफॉलची साडी आठवत राहते.

गेल्या दिवाळीला मी माझा ड्रेस स्वतः शिवायचे ठरवले. "मशीनवरच बसायचं असतं तर तुला कॉलेजात कशाला घातलं असतं?" हा आईचा पहिला प्रश्न. तो रागाचा नव्हता. आमच्या घरात पदवीच्या वर्गापर्यंत पोचलेली मी पहिलीच. आई सातवीपर्यंत शिकली. माझ्या हातात पेन असणे म्हणजे सुई नसणे, असा तिचा साधा हिशेब आहे. माझी पाठ दुखू नये, डोळे जाऊ नयेत, दारात उभे राहून कोणी "अजून झालं नाही व्हय?" असे विचारू नये, म्हणून तर तिने मला शिकवले. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या माझ्या कितीतरी मित्रमैत्रिणींच्या घरी हेच चालते. शेतकऱ्याला वाटते पोराने नांगराला हात लावू नये, सुताराला वाटते पोराने रंधा धरू नये. ज्या कामाला मान नाही आणि दामही नाही, त्यातून आपले मूल सुटावे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्यातून आपल्या मनात नकळत एक समजूत रुजते, की शिक्षण म्हणजे हाताचे काम सुटणे. ही समजूत मला मान्य नाही.

ज्यांनी कधी कपडा शिवला नाही त्यांना शिवण म्हणजे पायडल मारणे वाटते. प्रत्यक्षात मशीन येते ते सर्वांत शेवटी. सुती कापड आधी पाण्यातून काढावे लागते, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटते. मग उभा धागा कोणता, आडवा कोणता, पन्ना किती, कापडावरची फुले एकाच दिशेची आहेत का, हे पाहून घडी घालायची. छातीचे माप चौतीस इंच असेल तर चौथा भाग साडेआठ. त्यात ढिलाईसाठी एक इंच मिळवायचा आणि शिवणासाठी आणखी इंच-दीड इंच. मुंढ्याची गोलाई पुढच्या भागाला जास्त खोल आणि मागच्याला कमी, कारण आपला हात पुढच्या बाजूला जास्त चालतो. गळ्याची पट्टी उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यात कापायची, कारण तिरके कापड ताणले जाते आणि गोलाईवर चुण्या न पडता बसते. हे सारे गणित आई कागद-पेन्सिल न घेता करते. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे तिचे रोजचे आकडे. चौतीसचे चार भाग किती, असे मी तोंडाने म्हणेपर्यंत तिची खडूची खूण झालेली असते. 'फार शिकलेली नाही' असे जिच्याबद्दल आपण सहज बोलतो, तिच्याजवळ एवढी विद्या आहे आणि तिचे एकही प्रमाणपत्र नाही. ही गोष्ट पुस्तकातून कळत नाही. त्यासाठी एकदा बाही मुंढ्यावर बसवून पाहावी लागते.

आता पैशांचा हिशेब. घरी शिवले की स्वस्त पडते असा एक समज आहे. माझ्या ड्रेसला अडीच मीटर कापड लागले, एकशे तीस रुपये मीटरने ३२५ रुपये. दोन मीटर अस्तर ९० रुपये. दोरा, लेस आणि इतर किरकोळ ३५ रुपये. एकूण ४५० रुपये. एक संध्याकाळ कापायला आणि तीन रात्री शिवायला गेल्या, त्यांचे मोल वेगळेच. आठवड्याच्या बाजारात असाच दिसणारा तयार कुर्ता साडेतीनशेला टांगलेला होता. तेव्हा केवळ बचत करायची असेल तर शिवायच्या भानगडीत कोणी पडू नये, असेच मी सांगेन. पण या हिशेबातून दुसराच एक प्रश्न उभा राहतो. नुसते कापड आणि अस्तर ४१५ रुपयांचे होत असताना शिवून, इस्त्री करून, पिशवीत घालून तयार झालेला कुर्ता साडेतीनशेला कसा मिळतो? घाऊक कापड स्वस्त पडते, एका वेळी शंभर थरांचे कापड मशीनने कापले जाते, हे खरे. तरीही शेवटी प्रत्येक शिवण कोणा ना कोणा माणसाच्या हाताखालूनच जाते. त्या माणसाच्या वाट्याला त्या साडेतीनशेतले किती येत असतील?

याचे एक भयंकर उत्तर जगाने २४ एप्रिल २०१३ रोजी पाहिले. बांगलादेशात ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली. तीत तयार कपड्यांचे कारखाने होते. अकराशेहून अधिक माणसे गेली आणि त्यांत बहुसंख्य शिवणकाम करणाऱ्या तरुण मुली आणि बायका होत्या. भिंतींना तडे गेलेले आदल्याच दिवशी दिसले होते, तरी कामगारांना आत जायला लावले होते. त्या मुली तुमच्या-माझ्याच वयाच्या. त्यांनी शिवलेले कपडे दूरदेशीच्या दुकानांत कोणाच्या तरी सणासाठी टांगले जायचे होते. हे वाचून आपण तयार कपडे घेणे बंद करावे असे मी म्हणत नाही, तसे केल्याने त्या मुलींच्या पोटावरच पाय येईल. पण स्वस्त कपड्याची किंमत कुठेतरी कोणीतरी मोजत असते, एवढे तरी सणाच्या खरेदीत आठवावे. जो स्वतः एक कुर्ता शिवतो त्याला हे आठवण करून द्यावे लागत नाही. चार तास वाकून बसल्यावर पाठ ते सांगते. मग हाच माणूस गल्लीतल्या शिवणाऱ्या बाईशी वीस-तीस रुपयांसाठी घासाघीस करायला धजणार नाही. माझ्या मते आपला आपण कपडा शिवून पाहण्याचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे.

शिवणकामात एक सुंदर शब्द आहे, 'माया'. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड सोडतात त्याला माया म्हणतात. मुलगी वाढली, अंग भरले की शिवण उसवायची आणि मायेतले कापड बाहेर काढायचे. कपडा पुन्हा अंगाला येतो. तयार कपडा उलटा करून पाहा, शिवणीच्या आत बोटभर कापडही बहुधा सापडत नाही. हजारो कपड्यांत अर्धा-अर्धा इंच वाचवला की कारखान्याचे कितीतरी ठाण वाचते. पण मग अंग जरा बदलले की तो कपडा टाकून द्यावा लागतो. तयार कपड्यावर स्मॉल, मीडियम, लार्ज अशी तीन-चार मापे लिहिलेली असतात आणि साऱ्या दुनियेच्या बायकांनी त्यांत बसायचे असते. कोणाचा एक खांदा उतरता, कोणाची कंबर बारीक पण दंड भरलेले. बसले नाही तर आपण म्हणतो, "मला हा साईज होत नाही," जणू काही दोष आपल्या अंगाचाच! शिवताना उलट होते. आधी माणसाचे माप आणि मग कापडाला कातर. ऐन तारुण्यात आपल्या शरीराकडे नाराजीने पाहायला शिकवणाऱ्या या काळात, आहे त्या अंगाला शोभेल असा कपडा आपल्या हाताने बेतणे ही मला मोठी गोष्ट वाटते.

आणि खिसा! मुलींच्या ड्रेसला खिसा नसतो, ही तक्रार आपण सगळ्याजणी करतो. मुलांच्या शर्टाला, पँटला मिळून चार-पाच खिसे आणि आमच्या पासाला, सुट्ट्या पैशांना, खोलीच्या किल्लीला जागा नाही. बाजूच्या शिवणीत खिसा बसवायला वीतभर कापडाचे दोन तुकडे आणि अर्धा तास पुरतो, हे मी शिवल्यावर कळले. म्हणजे खिसा अवघड म्हणून वगळला जात नाही. मुलीला स्वतःचे पैसे स्वतःजवळ ठेवायची गरज पडेल, असे कोणाच्या मनातच आलेले नसते. माझ्या दिवाळीच्या ड्रेसला दोन खिसे आहेत.

येथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. मुलीला शिवण-टिपण यावे, रांधता यावे, ही तर मुलगी पाहायला येणाऱ्यांची जुनी यादी. त्या यादीतून मुली मोठ्या कष्टाने बाहेर पडल्या आणि तुम्ही त्यांना पुन्हा मशीनवर बसवता काय? आक्षेप खरा आहे. सुईने बाईला बांधून ठेवले हे जितके खरे, तितकेच तिने बाईला सोडवले हेही खरे आहे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले, तेथे लिहिण्या-वाचण्याबरोबर शिवणाचेही वर्ग होते. ज्या घरांतून बाईला शाळेत धाडणे अशक्य, तेथून तिला शिवणाच्या निमित्ताने बाहेर पडता येई. नवऱ्याच्या मागे एका मशीनवर मुलांची शिक्षणे केलेल्या बाया आपल्या प्रत्येकाच्या गल्लीत आहेत. मात्र आजही गरजू स्त्रीला मदत म्हटली की कोणताही समारंभ शिलाई मशीनच्या वाटपाने पार पडतो. हार, फोटो, भाषण आणि मशीन. जणू बाईला दुसरे काम जमणारच नाही. एका गल्लीत दहा मशिने दिली की दहाजणींची शिलाई खाली येते, हे फोटो काढणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. तेव्हा माझे म्हणणे नीट समजून घ्यावे. शिवण हे मुलींचे काम म्हणून मुलींनी शिकावे, असे मी म्हणत नाही. ते माणसाला यावे असे एक कसब आहे.

म्हणूनच मुलांनाही ते यावे. पिढ्यान्‌पिढ्या गावातला शिंपी हा पुरुषच होता. संत नामदेव शिंप्याच्या घरातले. कातर आणि गज पुरुषाच्या हातात असताना त्यात कोणालाही कमीपणा वाटला नाही. घरातली शिवण तेवढी बाईची आणि पैशाची शिवण पुरुषाची, अशी ही वाटणी. आज माझ्या वर्गातल्या किती मुलांना तुटलेले बटण लावता येते, हे त्यांनी आपल्या मनाशीच तपासावे.

कॉलेजात मैत्रिणींनी ड्रेसचे कौतुक केले. मग एकीने विचारले, "घरी शिवलायस का?" या 'घरी' शब्दात आपल्याकडे एक सूर असतो, तो ऐकणाऱ्याला बरोबर कळतो. आईच्या जुन्या इरकलीचा ड्रेस गरज म्हणून शिवला तर तो 'घरचा'. तोच शहरातल्या बुटिकमध्ये टांगला की हजारांत जातो आणि त्याला 'हँडमेड' म्हणतात. खणाचेही तेच. ज्या खणाच्या चोळीमुळे बाई खेडवळ ठरत होती, त्याच खणाचे ड्रेस आज हौसेने घेतले जातात. कापड तेच, शिवण तीच. फरक आहे तो विकणाऱ्याच्या दुकानाचा. हाताच्या कामाला मान मिळायला ते आधी श्रीमंताच्या अंगावर जावे लागते, ही आपल्या समाजातली खरी अडचण आहे. मी तिला ठणठणीत उत्तर दिले, "होय, घरी आणि मीच."

यंत्राविषयी कठोर बोलणाऱ्या महात्मा गांधींनीही शिवणयंत्राला अपवाद केले होते. १९२४ साली 'यंग इंडिया'त आलेल्या त्यांच्या एका संभाषणात सिंगरच्या मशीनची त्यांनी स्तुती केली आहे. पत्नीचे कष्ट कमी व्हावेत या प्रेमातून हे यंत्र निघाले, असे ते मानीत. माणसाला बाजूला न सारता त्याच्या हाताला मदत करते ते यंत्र चांगले, ही त्यामागची दृष्टी. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत त्यांनी हाताच्या उद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. आपल्या भागात तर कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या 'कमवा आणि शिका' योजनेने कितीतरी गरीब मुलांना हातात कुदळ आणि पुस्तक दोन्ही दिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही व्यवसायशिक्षण मुख्य शिक्षणापासून वेगळे ठेवू नये, असे म्हटले आहे. विचार जुना आहे आणि थोरामोठ्यांनी मांडलेला आहे. उणीव आहे ती अंमलाची.

म्हणून प्राध्यापकवर्गाला आणि विद्यार्थी मंडळाला माझी एक सूचना आहे. पहिल्या सत्राच्या आरंभी दोन शिलाई मशिने घ्यावीत आणि ती मुलींच्या खोलीत न ठेवता मुलामुलींना दोघांनाही वापरता येतील अशा ठिकाणी ठेवावीत. शिकवायला बाहेरून कोणी तज्ज्ञ बोलवू नये. आपल्याच विद्यार्थ्यांच्या घरी शिवणकाम करणाऱ्या आया आहेत, एखाद्याचे वडील शिंपी आहेत. त्यांना रीतसर मानधन देऊन बोलवावे आणि पाहुण्या व्याख्यात्याला देतो तीच खुर्ची त्यांना द्यावी. आपल्या आईला वर्गात फळ्यासमोर उभी राहून मुंढ्याची गोलाई समजावताना पाहणे, हे आमच्यासारख्यांना कोणत्याही पदवीइतकेच मोलाचे वाटेल. दिवाळीपर्यंत दहाजणांनी जरी एकेक कपडा पुरा केला तरी पुष्कळ झाले.

राहता राहिला आईचा प्रश्न, मशीनवर बसायचे तर कॉलेज कशाला? त्याचे उत्तर मी तिला दिले ते येथे लिहिते. पोटासाठी दुसऱ्यांचे शिवत रात्री जागवायला लागू नये म्हणून कॉलेज. आणि ज्या हातांनी मला येथवर आणले त्या हातांना काय काय येते हे मला कळावे, म्हणून मशीन. तिला ते पटले की नाही, ते तिने सांगितले नाही. ड्रेस उलटा करून तिने आतली माया पाहिली, बोटाने मोजली आणि एवढेच म्हणाली, "दोन वर्षं जाईल."